करी रोडचा कोरडा पूर

फेब्रुवारीतला पहिला सोमवार, सकाळी अकरा. स्थळ : परळचं ऑफिस.

हजर : बाई (खुर्चीवर नाही, ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर). शिरीष, हिशेब. मी, व्यवस्था. पडद्यावर ढाक्याहून रफिकभाई आणि काठमांडूहून सुनीताजी. कोलंबोचा आवाज येत होता, चेहरा येत नव्हता. थिंफूचा चेहरा येत होता, आवाज येत नव्हता. बाई म्हणाल्या, "दोघं मिळून एक हजर धर."

गैरहजर : कोणी नाही. बाईंच्या बैठकीला गैरहजर राहायची कोणाची छाती नव्हती.

बैठकांची इतिवृत्तं मी ढिगाने लिहिली आहेत आणि बहुतेक विसरले आहे. ही लक्षात आहे, कारण आमच्या ऑफिसचा शेवट इथून सुरू झाला.

आमचं काम आधी सांगते, कारण ते माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत कळलं नाही. पूर, वादळ, भूकंप आला की त्या त्या देशातली राष्ट्रीय मदतसंस्था धावते. ती आधीपासून तयार असावी लागते. माणसं शिकलेली हवीत, गोदाम लावलेलं हवं, कोणी कोणाला फोन करायचा ते ठरलेलं हवं. आजूबाजूच्या देशांतल्या अशा संस्थांना शिकवायचं, एकमेकींशी जोडून द्यायचं आणि मग बाजूला व्हायचं, हे आमचं काम. इंग्रजीत त्याला कपॅसिटी बिल्डिंग म्हणतात. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून कुठल्याशा बिल्डिंगच्या ऑफिसात आहे."

या सगळ्या पसाऱ्याच्या प्रादेशिक समन्वयक म्हणजे बाई. त्याआधी त्या गिरगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून बाई. 'मॅडम' म्हटलं तर त्या मान वर करत नसत. सुती साडी, पायात धावण्याचे बूट, आणि पर्समध्ये नायलॉनची दोरी. दोरी कशाला, असं एकदा शिरीषने विचारलं. बाई म्हणाल्या, "लागत नाही म्हणून ठेवलीय. लागायला लागली की उशीर झालेला असतो." शिरीषने पुढे दोरीबद्दल कधी विचारलं नाही.

बाई जगातल्या कुठल्याही माणसाशी मराठीत बोलायच्या. मधूनमधून इंग्रजी शब्द टाकायच्या, तेही मराठी हेलात. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना कळायचं. कोलंबोच्या संचालकांना त्या फोनवर "अहो, ऐकता का?" म्हणायच्या. त्या भल्या माणसाला ते आदराचं संबोधन वाटलं, आणि एका परिषदेत भर व्यासपीठावरून त्यांनी बाईंना "अहो" अशी हाक मारली. शिरीष तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आले हं."

नवीन प्रशिक्षणार्थी आला की पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा, असा नियम होता. एकदा एका शेजारी देशाचे निवृत्त सेनाधिकारी आले होते. त्यांनी शिस्तीत, आलं ठेचून, फर्मास चहा केला. खोलीत दोघांना मधुमेह, एकीला दूध चालत नाही, आणि कोलंबोची पाहुणी मुळी चहाच पीत नव्हती. बाईंनी कप संपवला आणि म्हणाल्या, "चहा उत्तम. माणसं चुकली. आधी विचारलंत का कोणाला?" अधिकाऱ्यांनी आयुष्यात कोणाला काही विचारून केलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी त्यांच्या देशात दरड कोसळली, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी एकही ट्रक पाठवला नाही. माणसं पाठवली, विचारायला. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. बाईंनी त्यांना चहाची पत्ती कुरिअर केली.

ऑफिसात एक काचेचं कपाट होतं. त्याला बाई संग्रहालय म्हणत. आपद्ग्रस्तांसाठी लोकांनी प्रेमाने पाठवलेल्या वस्तू त्यात होत्या : जरीची शेरवानी, उंच टाचेची एकच चप्पल, वजन कमी करण्याचा चहा, पोहण्याचा चष्मा. चष्मा पुरासाठीच आला होता. पाठवणाऱ्याने निदान विचार केला, म्हणून बाईंना त्याचं कौतुक होतं. रफिकभाई पहिल्यांदा आले तेव्हा कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले. पुढच्या खेपेला त्यांनी ढाक्याहून कागदात गुंडाळून लोकरी हातमोजे आणले. चक्रीवादळानंतर भर उकाड्यात आले होते म्हणे. मग प्रथाच पडली. कोलंबोने टायचा खोका पाठवला. बाई नवख्यांना कपाट दाखवून सांगायच्या, "हे सगळं चांगल्या मनाने आलंय. म्हणून तर जपून राहायचं."

त्यांची आणखी दोन वाक्यं आमच्या ऑफिसात भिंतीवर न लिहिता पाठ होती. एक, "पडद्यावर पूर येत नाही." म्हणजे स्लाइड दाखवायच्या नाहीत, बाहेर पडायचं. दुसरं, "रांगेत कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. कोण आलं नाही ते विचारा."

तर त्या सोमवारी बाईंनी मुख्यालयाचा निरोप वाचून दाखवला. एक निरीक्षक मुंबईत येणार. सगळ्या देशांच्या प्रतिनिधींनी त्याच्यासमोर सराव करायचा. बाईंच्या सूचनेशिवाय तो नीट पार पडला, तर या संस्था स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या असं मानून परळचं ऑफिस बंद. पुढचं समन्वयन त्यांनीच आपापसात वाटून घ्यायचं. नाही जमलं, तर आम्हाला आणखी तीन वर्षं.

शिरीष हळूच म्हणाला, "म्हणजे ते पास झाले तर आपण नापास."

"बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "आपलं काम म्हणजे आपली गरज संपवणं. हे वाक्य मीच लिहून पाठवलं होतं मुख्यालयाला."

"पण बाई, पाठवायचं कशाला होतं?" तो म्हणाला.

त्यानंतर शिरीषने गणपतीला नवस बोलला, की एखादा तरी देश सपशेल चुकू दे. मी नवस बोलले नाही, पण त्याला बोलू दिलं.

सरावाची जागा शिरीषनेच सुचवली. करी रोडला त्याची सख्खी काकी राहते. जुनी गिरणी कामगारांची चाळ, तीन मजली, भोवती टॉवर उठलेले. सुलभाकाकी तिथल्या महिला मंडळाची अध्यक्ष. ठरलं असं : चाळीच्या तळमजल्यात पाणी शिरलं आहे, चाळकरी पूरग्रस्त, आणि पाहुण्यांनी अंगणात नोंदणी करून बिस्किटं आणि चादरी वाटायच्या.

बाईंनी चाळकऱ्यांची सभा घेतली. "नाटक करायचं नाही," त्यांनी बजावलं. "खरंच पाणी आलं तर जसं वागाल, तसंच वागा." पण चाळीच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं, आणि समोरची माणसं भूमिका वाटून घ्यायला आली होती. सगळ्यात पुढे तात्या. वय झालेलं, एकेकाळचे गिरणीतले साचेवाले.

"माका मेलेलो करा," तात्या म्हणाले. "गुडगे दुखतत. उभ्यान रवाक जमाचा नाय."

"तात्या, या पुरात कोणी मरत नाही."

"मगे बेपत्ता करा. मी घरात पंख्याखाली बसतंय."

बाईंनी तात्यांना बेपत्ता केलं. बिस्किटं कोणती आणणार, हे सुलभाकाकींनी विचारलं. बाईंनी सांगितल्यावर त्या फक्त "हूं" म्हणाल्या. त्या 'हूं'कडे आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं.

सरावाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाई स्वतः अंगणात उकिडव्या बसून निळ्या रांगोळीने पाण्याची पातळी आखत होत्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. त्या पुढे सरकल्या की चाळीतल्या मुली मागून त्या रेघेवर ठिपके देत. चार वाजेपर्यंत पुराला छान वेलबुट्टी आली. बाईंनी वळून पाहिलं, पण रागावल्या नाहीत. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी बिनसलंय.

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती न घेताच त्या म्हणाल्या, "उद्या हे पास झाले, तर मी कुठे जायचं गं?"

"असं काय बाई? गिरगावात घर आहे की."

"घरी कोणाला पूर येणारे?"

बाईंना घर होतं, पण त्या राहायच्या परळच्या ऑफिसात, हे आम्हाला ठाऊकच होतं. त्यांनाही ते ठाऊक आहे, हे त्या दिवशी कळलं. मग त्यांनी बाटली घेतली, निम्मी प्यायल्या आणि तिसऱ्या पायरीची रेघ पुसून नीट केली.

रविवारी सकाळी निरीक्षक आला. उंच, हसरा, डोक्याला टोपी. त्याला सगळं सांगायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी नळाशेजारी खुर्ची घेतली, तोंडात सुपारी टाकली आणि हाताची घडी घातली. बोलायचं नाही, ही अट.

सुरुवात झकास झाली, म्हणजे आमच्या दृष्टीने वाईट. सुनीताजींनी नोंदणी लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कौन नहीं आया?" वर माणूस पाठवला. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ रात्रपाळी करून झोपले होते. त्यांना पूर आल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. ते लुंगी सावरत गॅलरीत आले, खाली रांगोळी, रांग आणि टोपीवाला पाहिला आणि म्हणाले, "कोणाचं लगीन हाय?" बाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. शिरीषचा चेहरा पडला.

मग रफिकभाईंनी वाटप सुरू केलं. रांगेत पहिल्या सुलभाकाकी. त्यांनी बिस्किटांचा पुडा घेतला, नमस्कार केला आणि मागे वळून हाक मारली, "आणा गो!"

आणि बुडालेल्या खोल्यांतून ताटं बाहेर यायला लागली.

बांगड्याचं तिखलं. भात. आंबोळ्या. सोलकढी पातेल्याने. चाळ पहाटेपासून रांधत होती. चार देशांचे पाहुणे अंगणात येणार आणि उपाशी जाणार, हे ती चाळ खरोखर बुडाली असती तरी तिला चाललं नसतं. पूरग्रस्त रांग मोडून मदत करणाऱ्यांना हाताला धरून बसवायला लागले. कोलंबोचे "अहो" बसलेसुद्धा.

रफिकभाई मात्र छातीवर हात ठेवून मागे सरले. "नहीं काकी, माफ करना. पहले आप लोग. हम आखिर में." हा बाईंचा नियम : वाटणारा शेवटी खातो. ढाक्यापासून कोलंबोपर्यंत बाईंनी तो घोटून घेतला होता. रफिकभाईंचा आवाज ऐकून "अहो" पण ताडकन उठले.

सुलभाकाकी ताट हातात घेऊन उभ्या.

"आमच्या घरचा चलना नाय तुमाका?"

"ऐसी बात नहीं..."

"मगे आमका पण तुमची बिस्किटा नको." त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. मागच्या शेजारणीने ठेवला. बघता बघता चादरी, पुडे, मेणबत्त्या, सगळं परत टेबलावर. मी इतकी वर्षं या कामात काढली, पण पूरग्रस्तांनी रुसून मदत परत केलेली पहिल्यांदाच पाहत होते.

"हे काय चाललंय?" निरीक्षकाने मला विचारलं. मी म्हटलं, "स्थानिक प्रथा." दुसरं काय सांगणार?

शिरीष माझ्या कानाशी आला. "नापास," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शंभर टक्के नापास. पावला गणपती."

एवढ्यात नळाकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई उभ्या होत्या. सुपारी थुंकलेली. "रफिक! अरे, आराखड्यात असं..."

बाईंच्या तोंडून आराखड्याची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. एरवी त्या सरावाच्या सकाळी आराखडा फाडायला लावायच्या.

सुनीताजी चालत त्यांच्यापर्यंत गेल्या. खांद्यावर हलका हात ठेवला. "बाई, आप बैठिए. आज आपका काम नहीं है."

बाईंना "बसा" म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. बाई बसल्या.

रफिकभाई तिकडे जिन्याच्या पायरीवर, बरोबर पाण्याच्या पातळीच्या वर, काकींशेजारी टेकले होते. "काकी, चूल्हा चल रहा है?"

"तर! पाणी खाली आसा. वरच्या माळ्यांक काय झाला?"

"गॅस? बरतन?"

"सगळा आसा. गणपतीची भांडी आसत, पाचशांचा जेवान होता."

रफिकभाईंनी टेबलाकडे पाहिलं. "तो हम बिस्किट क्यों लाए?"

"ताच मी त्या सभेपासून इचारतंय! पण माका कोण इचारता?"

रफिकभाई हसायला लागले. मग उठून म्हणाले, की ट्रकमध्ये उद्यासाठी तांदूळ, डाळ, तेल आहे. ते सगळं तुमच्या ताब्यात देतो. तुम्ही रांधा, आम्ही वाढतो. पुडे ज्यांच्याकडे चूल नसेल त्यांना जातील. "मगर काकी, एक बात. हम खाएंगे आखिरी पंगत में. पकानेवालों के साथ."

काकींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट सांगायला इतका वेळ लावलास? "मगे वाढपी कधी बसता? शेवटीच बसता. मी काय आधी जेवतंय? आधी सांगाचा ना तसा!"

भांडण तिथेच संपलं. ढाक्याचा नियम आणि करी रोडची रीत एकच निघाली.

पुढचा तास सांगण्यासारखा नाही, पाहण्यासारखा होता. निळ्या पुरावर सतरंज्या पडल्या. काकी वरून हुकूम सोडत होत्या. थिंफूचा प्रतिनिधी, ज्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, "भात, भात" करत पंक्तीतून फिरत होता. सुनीताजी खाली उतरू न शकणाऱ्यांची ताटं लावत होत्या. बेपत्ता तात्या बांगड्याच्या वासावर सापडले आणि नेमके निरीक्षकाशेजारी येऊन बसले. निरीक्षकाने हातातला कागद पाहिला आणि मला विचारलं, हे गृहस्थ हरवलेल्यांत आहेत ना? मी म्हटलं, "आत्ताच मिळाले."

आणि बाई? बाई पदर खोचून वाढायला निघाल्या होत्या. सुनीताजींनी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. "अगं, मी वाटणारी," बाई म्हणत होत्या. "मी कशी पहिल्या पंगतीला?" रफिकभाईंनी त्यांच्या पानात भात वाढला, तिखलं वाढलं आणि पुढे गेले. थांबून विचारपूस केली नाही. पंगत लांब होती, त्यांना काम होतं.

बाई खाली मान घालून जेवल्या. सोलकढी दोनदा मागितली.

शेवटी निरीक्षकाने त्यांना एकच प्रश्न विचारला : यातलं तुमच्या योजनेत काय होतं?

बाईंना तीन वर्षं हवी असती तर एक वाक्य पुरलं असतं. 'सगळंच मी ठरवलं होतं' एवढं म्हटलं की झालं. संस्था स्वतःहून काही करत नाहीत, हे सिद्ध झालं असतं. शिरीषने माझं मनगट आवळून धरलं होतं.

"काही नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझ्या योजनेत बिस्किटं होती."

निरीक्षक हसला. त्याने हात पुढे केला. बाईंनी आपला खरकटा हात दाखवला आणि कोपर पुढे केलं. त्याने कोपराशी हस्तांदोलन केलं. ऑफिस बंद झालं ते तेव्हा. कागद नंतर आले. शिरीष उठला आणि शेवटच्या पंगतीला आणखी एक बांगडा मागून घेतला. "नोकरी गेलीच," तो म्हणाला, "निदान मासा तरी."

त्याला पुढे दादरला एका रुग्णालयात काम मिळालं. समन्वयन पाळीपाळीने करायचं ठरलं आणि पहिली पाळी काठमांडूची आली. सुनीताजींनी मला इतिवृत्तापुरतं ठेवून घेतलं. घरून करते.

बाई गिरगावात घरी गेल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी सोसायटीत आगीचा सराव घेतला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा घेतला, न सांगता. तिसऱ्या महिन्यात सोसायटीच्या सभासदांनी सह्या करून विनंती केली, की आता आम्ही पुरेसे सक्षम झालो आहोत. बाईंनी मला फोन करून सांगितलं. हसत होत्या, पण फार वेळ नाही.

आता राहिलेलं काम. सगळ्या देशांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मुख्यालयाने कळवलंय, की सेवेत नसलेल्या व्यक्ती त्यावर नसाव्यात. अशी व्यक्ती एकच आहे. ग्रुप मी चालवते, त्यामुळे काढायचं मी.

बाई रोज सकाळी साडेसातला ग्रुपवर हवामान टाकतात. बंगालच्या उपसागरावर ढग दिसतायत. रफिक, टाक्या धुतल्यास का? आणि ढाक्याहून उत्तर येतं, "जी बाई, आज ही धोए," खाली स्वच्छ टाकीचा फोटो. सुनीताजींनी मला एकदा सांगितलं, की टाक्या आदल्याच आठवड्यात धुऊन झालेल्या असतात. बाई विचारेपर्यंत रफिकभाई फोटो टाकत नाहीत.

मुख्यालयाचं स्मरणपत्र काल पुन्हा आलं. मी "कार्यवाही सुरू आहे" असं कळवलं आणि आजच्या कामांत पहिल्या ओळीला लिहिलं : बाईंना ग्रुपवरून काढणे. जबाबदारी, मी. मुदत, उलटून गेलेली.

आज सकाळी बाईंनी कोलंबोला विचारलंय, "अहो, ऐकता का, होड्या वर ओढल्या का?" खाली दिसतंय, की कोलंबो टाइप करत आहे. ते होऊ दे. मग बघते.